न दिसणारा दहा

दहा मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावर मधोमध एक ठिपका असतो. त्याचा व्यास अर्धा मिलिमीटर. तो वेधला की पूर्ण दहा गुण. गंमत अशी की दहा मीटरवरून हा ठिपका नुसत्या डोळ्यांना दिसतच नाही. चांगली नजर असलेल्या माणसालाही एवढ्या अंतरावर साधारण तीन मिलिमीटरपेक्षा जवळ असलेल्या दोन रेघा वेगळ्या ओळखता येत नाहीत. अर्जुनाला पक्ष्याचा डोळा तरी दिसत होता. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर उभ्या राहणाऱ्या मुलीला तेवढंही सुख नाही.

मग ती नेम धरते कशावर? गोलावर. मागच्या साइटच्या बारीक छिद्रातून पाहिलं की नळीच्या टोकाचं कडं दिसतं, आणि त्या कड्यात लक्ष्याचा काळा गोल, साडेतीस मिलिमीटरचा. काळ्याभोवती पांढरी कड चहूबाजूंनी सारखी राहिली की मध्य आपोआप जुळतो. दोन रेघा वेगळ्या करण्यात आपला डोळा बेताचाच, पण असमतोल पकडण्यात भलता तरबेज. भिंतीवरची तसबीर किंचित कलली तरी घरात शिरताशिरता खटकते ना, त्यातलाच हा प्रकार. न दिसणारा दहा असा दिसणाऱ्या गोलांच्या भरवशावर मारायचा असतो.

आता थोडं गणित करू. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. त्याची कड ठिपक्याला शिवली तरी दहा मिळतात. म्हणजे छर्र्याचं केंद्र मध्यापासून अडीच मिलिमीटरच्या आत पडलं पाहिजे. दोन साइटमधलं अंतर ८० सेंटिमीटर धरलं, तर नळीचं टोक एक पंचमांश मिलिमीटर सरकलं की दहाचे नऊ झाले. एअर रायफलमध्ये आता तर गुण दशांशातच मोजतात. तिथे सर्वोच्च १०.९ हवे असतील तर चूक पाव मिलिमीटरच्या आत ठेवावी लागते. २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई नेमबाजी स्पर्धेत सुमा शिरूरने ४० पैकी ४० वेळा दहा मारले, ४०० पैकी ४००, आणि विश्वविक्रमाशी बरोबरी केली. ते गणित कागदावर मांडून पुन्हा एकदा हा आकडा वाचून बघा.

मध्य मुंबईला या खेळाचं वेड जुनं आहे. दादरच्या कीर्ती कॉलेजात एनसीसी करणारी अंजली वेदपाठक, म्हणजे पुढची अंजली भागवत, इथलीच. बंदूक हातात घेऊन जेमतेम आठवडा झाला असताना १९८८ च्या राष्ट्रीय स्पर्धेत तिने महाराष्ट्राला रौप्य मिळवून दिलं, हा किस्सा नेमबाजांत अजून सांगितला जातो. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये तिने अंतिम फेरी गाठली. २००२ मध्ये म्युनिकला पुरुष आणि स्त्रिया एकत्र खेळतात त्या लढतीत ती ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ झाली. अंजली, सुमा आणि दीपाली देशपांडे या तिघीही संजय चक्रवर्ती यांच्या तालमीतल्या, आणि २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकला तिघीही भारतीय संघात होत्या. अथेन्स आणि दीपाली ही दोन नावं लक्षात असू द्या.

तर त्या गणिताच्या आड येतं ते शरीर. उभ्या माणसाचं शरीर कधीच स्थिर नसतं. श्वास चालू असतो, स्नायू बारीक थरथरत असतात, आणि हृदयाचा प्रत्येक ठोका रायफलच्या टोकापर्यंत पोचतो. श्वास काही सेकंद थांबवता येतो. स्नायूंचं काम कॅनव्हास-चामड्याचं कडक जॅकेट आणि हाडांवर तोललेला भार थोडं हलकं करतात. (मुंबईच्या मे महिन्यात ते जॅकेट चढवून तासभर उभं राहणं ही वेगळीच तपश्चर्या.) राहता राहिलं हृदय. १९८७ मध्ये फिनलंडच्या संशोधकांनी नेमबाजांच्या ठोक्यांची नोंद घेतली. नवशिके ट्रिगर केव्हाही दाबत होते, तर मुरलेल्यांच्या गोळ्या दोन ठोक्यांमधल्या विसाव्यात सुटत होत्या. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत हे चित्र इतकं स्वच्छ आलं नाही, हेही सांगायला हवं. पण ठोका नको असतो, एवढं नक्की. म्हणून तर हृदयाची गती आणि हातांचा कंप कमी करणाऱ्या बीटा-ब्लॉकर गोळ्यांवर नेमबाजीत बंदी आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग सूची दोन पदकं अशाच गोळीपायी काढून घेतली गेली. इतर खेळांतले लोक वेग वाढवायला औषधं घेतात, इथे माणूस मंद होण्यासाठी पकडला जातो.

खरी मौज मात्र कवटीच्या आत आहे. १९८४ साली हॅटफिल्ड, लँडर्स आणि रे या अमेरिकन अभ्यासकांनी कसलेल्या रायफल नेमबाजांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी मोजल्या. ट्रिगर दाबण्याआधीच्या काही सेकंदांत मेंदूची डावी बाजू, जिथे प्रामुख्याने शब्द आणि विश्लेषण यांचा कारभार चालतो, ती शांत होत जाताना दिसली. नेमबाज त्या क्षणी स्वतःशी बोलत नसतो. ‘आता दाबू का, अजून थोडं थांबू का’ ही चर्चा आधीच संपलेली असते. ती संपवता यावी म्हणून तर सराव. पायांची जागा, दस्त्यावर गाल, श्वास, साइट, ट्रिगर, आणि शॉट गेल्यावरही क्षणभर तसंच राहणं, हा क्रम हजारो वेळा घोटायचा. त्यातही निम्मा सराव छर्रा न भरताच. घरच्या भिंतीवर लक्ष्य चिकटवून रिकाम्या रायफलने केलेल्या या ‘ड्राय’ सरावात आवाज नाही, गुण नाहीत, त्यामुळे मनाला लुडबूड करायला जागाच उरत नाही.

या क्रमातली एक पायरी निसटली तर काय होतं, ते अथेन्सला दिसलं. पुरुषांची ५० मीटर रायफल थ्री पोझिशन. अमेरिकेचा मॅथ्यू एमन्स शेवटच्या गोळीआधी तीन गुणांनी पुढे. साधारण बरा शॉट मारला असता तरी सुवर्ण त्याचंच. गोळी सुटली, पडद्यावर काहीच उमटलं नाही. त्याने शेजारच्या खेळाडूच्या लक्ष्यावर गोळी मारली होती! गुण शून्य, क्रमांक आठवा. एरवी तो आधी लक्ष्यावरचा नंबर बघायचा आणि मग नजर खाली आणायचा. त्या वेळी स्वतःला शांत करण्याच्या नादात नंबर बघायचा राहिला. मला ही हकिकत फार बोलकी वाटते. चूक धांदलीतून झाली नाही, शांत होण्याच्या खटपटीतून झाली. चार वर्षांनी बीजिंगला तोच प्रकार, पुन्हा आघाडी, आणि शेवटच्या गोळीला ४.४! जाता जाता सांगायचं तर अथेन्सला त्याचं सांत्वन करायला आलेल्या चेक नेमबाज काटेरिना कुर्कोव्हाशी पुढे त्याचं लग्न झालं, आणि बीजिंगचं पहिलं सुवर्ण तिने जिंकलं.

एमन्सच्याच थ्री पोझिशन प्रकारात, अथेन्सनंतर वीस वर्षांनी, १ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिस ऑलिंपिकच्या शातोरू इथल्या रेंजवर कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे उतरला. मध्य रेल्वेचा तिकीट तपासनीस, आणि प्रशिक्षक दीपाली देशपांडे. पहिल्या पंधरा गोळ्या गुडघ्यावर बसून, पुढच्या पंधरा पालथं पडून. तोवर तो पहिल्या तिघांत नव्हता. उभ्याने मारायला सुरुवात झाली आणि एकेक प्रतिस्पर्धी बाद होत गेला. ४४ व्या गोळीनंतर ४५१.४ गुणांवर तो थांबला. कांस्य. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या हेलसिंकीनंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सकाळी पोटात फक्त काळा चहा होता आणि गुणफलकाकडे आपण पाहिलंच नाही, असं त्याने नंतर सांगितलं. चहाचं माहीत नाही, पण गुणफलकाचं मला पटतं. बघितला की मेंदूची डावी बाजू जागी होणार.

इथे विचार करायला निदान वेळ तरी असतो. कोल्हापूरच्याच राही सरनोबतच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात तोही नाही. दुसऱ्या टप्प्यात हात खाली, ४५ अंशांत. सात सेकंद वाट पाहायची, हिरवा दिवा लागला की तीन सेकंदांत हात उचलून एक गोळी, पुन्हा हात खाली. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत राही आणि थायलंडची नफासवान ३४-३४ वर अडल्या. एक शूट-ऑफ झाला, तरी बरोबरी. दुसऱ्यात सुवर्ण राहीचं.

वेगाची हीच नशा टोकाला नेणारा खेळ म्हणजे प्रॅक्टिकल शूटिंग. त्याची आंतरराष्ट्रीय संघटना १९७६ मध्ये अमेरिकेत मिसुरीतल्या कोलंबिया गावी स्थापन झाली. पहिले अध्यक्ष जेफ कूपर. भिंती, दारं, कोनाडे उभारलेले असतात, त्यांतून धावत जाऊन लक्ष्यं वेधायची. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं. मंद अचूकपणा इथे हरतो, वेगवान भोंगळपणाही हरतो. आपल्याकडे पिस्तुलाचा परवाना मिळवणं हेच दिव्य असल्यामुळे हा खेळ फारसा रुजला नाही. पण त्याच्या चित्रफिती जरूर पाहा, आणि गोळीबाराआधीची पाच मिनिटं पाहा. पंधरा-वीस मोठी माणसं रिकाम्या हातांनी पिस्तूल धरल्याचा आव आणून फिरत असतात. मग डोळे मिटून, बोटांनी हवेत खुणा करत, कुठे वळायचं, कुठे मॅगझिन बदलायचं, याची उजळणी करतात. भोंगा वाजल्यावर कुणी विचार करत नाही. जे करायचं ते आधीच एकदा करून झालेलं असतं.

सुरक्षेचे नियमही तसेच. गोळी मारायची नसेल तर बोट ट्रिगरपासून लांब. नळी ठरलेल्या कोनाबाहेर गेली की खेळाडू तत्काळ बाद, मग तो कोणीही असो. रायफल रेंजवर शस्त्र रिकामं असल्याची खूण म्हणून नळीत भडक रंगाची दोरी घालून ठेवतात. ‘माझी रिकामीच आहे’ या शब्दावर कुणी विसंबत नाही.

त्यामुळे रेंजवर रोज दिसणारी दुखणी साधी असतात. जॅकेटच्या उकाड्याने येणारी भोवळ, तासन्‌तास वाकून-वळून उभं राहिल्याने धरलेली कंबर. आणि एक न दिसणारं, शिसं. छर्रे शिशाचे, बोटांना लागलेलं शिसं तोंडावाटे पोटात जातं. म्हणून सरावानंतर साबणाने हात धुतल्याशिवाय वडापावला हात लावायचा नाही, ही रेंजवरची पहिली शिकवण असली पाहिजे. छर्र्याचा तुकडा उडून डोळ्यात गेलाच तर चोळायचं नाही, दाबायचं नाही. डोळ्यावर कागदी कप उपडा धरून थेट रुग्णालय.

हातापायातून रक्ताची धार लागली तर मात्र मिनिटं मोजकी असतात. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त साधारण पाच लिटर. मांडीची मुख्य धमनी तुटली तर रुग्णवाहिका येईपर्यंत थांबण्यात अर्थ नसतो. १०८ ला फोन दुसऱ्याला करायला सांगायचा आणि स्वच्छ कापड जखमेत खोचून दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून दाबायचं. दर मिनिटाला उचलून बघायचं नाही. एवढ्याने थांबलं नाही तर टूर्निके, म्हणजे रक्त अडवण्यासाठी हातापायाभोवती आवळायचा पट्टा. जखमेच्या वर दोन-तीन इंच, सांधा सोडून. नुसती ओढणी किंवा कमरेचा पट्टा करकचून बांधला तर बहुधा वरवरच्या शिरा दबतात, आतली धमनी वाहतच राहते, आणि रक्तस्राव उलट वाढू शकतो. म्हणून खऱ्या टूर्निकेला पीळ द्यायची दांडी असते. रक्त थांबेपर्यंत ती फिरवत राहायची. जखमी माणूस ओरडेल, कारण ते फार दुखतं. तरी सैल करायचं नाही.

हे सगळं रेंजवर शिकलेल्याला रेंजवर कधी वापरावं लागेल असं नाही. दादर किंवा परळच्या फलाटावर मात्र लागू शकेल. लोकलखाली आलेला पाय आणि गोळी लागलेला पाय, दोन्हीकडे धमनी सारखीच वाहते. केईएम रुग्णालयाच्या डॉक्टरांना आधी हवी असते ती एकच माहिती, टूर्निके किती वाजता बांधला. तो आवळल्या आवळल्या वेळ त्याच्या पट्टीवर लिहायची. पेन नसेल तर मोबाइलवर त्याचा फोटो काढायचा, वेळ त्यात आपोआप नोंदली जाते.