आधी तळं, मग महाल

बुलढाणा जिल्ह्यात बेट शोधतोय असं कुणाला सांगितलं, तर तो आधी आपल्या तोंडाकडे पाहील आणि मग उन्हाकडे. समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब. पैनगंगा याच जिल्ह्यात उगम पावते खरी, पण उगमाजवळच्या गावांनाही उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणं नवीन नाही. जमीन काळी, खाली बेसाल्टचा कातळ, पाऊस बेभरवशाचा. तरीही या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सिंदखेडराजा गावात, तळ्याच्या मधोमध एक दगडी इमारत उभी आहे. पाणी चढलं की तिचं बेट होतं.

जालन्याहून मेहकरकडे जाताना सिंदखेडराजा लागतं. १२ जानेवारी १५९८ ला जिजाऊंचा जन्म इथे झाला, त्यामुळे गावाला लोकांची कमी नाही. जन्मोत्सवाला तर रस्ते भरून वाहतात. माणसं राजवाड्याच्या भव्य दरवाजासमोर फोटो काढतात, जन्मस्थळावर माथा टेकतात, जिजाऊंचे वडील लखुजीराजे जाधव यांच्या घुमटदार समाधीला प्रदक्षिणा घालतात आणि परतीच्या गाडीत बसतात. समृद्धी महामार्ग झाल्यापासून येणं सोपं झालं, जाणं त्याहून सोपं. या धावपळीत मागे राहतो तो चांदणी तलाव आणि त्याच्या पोटातली ती तीन मजली इमारत.

राजवाडा आणि ही इमारत एकाच घराण्याची, पण दोघांचा स्वभाव वेगळा. राजवाडा दरारा दाखवतो. उंच दरवाजा, जाड भिंती, आत शिरणाऱ्याला आपण किती लहान आहोत याची जाणीव करून देणारी चौकट. गावातला काळाकोट आणि साखरवाडा ही बांधकामंही तटबंदीच्या जातीची. तळ्यातल्या इमारतीला मात्र तट नाही. पाणी हाच तिचा तट. तिचा आटोपशीर घेर पाहिला की संसार थाटण्यासाठी ही बांधलेली नाही हे कळतं. दुपार टाळावी, संध्याकाळचा वारा खावा, चार जवळच्या माणसांशी कुणाच्या कानावर न पडता बोलावं, यासाठी ती आहे. मे महिन्यात इथली झळ ज्यांनी सोसली आहे, त्यांना तिचा उपयोग समजावून सांगावा लागत नाही. पाण्यावरून येणारी हवा बाष्पीभवनामुळे दोन-चार अंशांनी तरी उतरते. त्यात वरचा मजला म्हणजे वाऱ्याची वाट. डास असणारच. पण राजेलोकांकडे चवऱ्या ढाळणारेही होते.

पाण्यात असं बांधायचं कसं, यात जादू काही नाही, पण चोख कारागिरी आहे. तळं कोरडं असताना, पावसाळ्याच्या आत, पाया कातळापर्यंत न्यायचा. दख्खनमध्ये कातळ फार खोल नसतो, हे इथल्या गवंड्यांचं नशीब. मग येतो चुना. चुन्याची घाणी म्हणजे गोल खोदलेला दगडी पाट. त्यात बैलाने ओढायचं जड दगडी चाक फिरत राहतं आणि भिजवलेला चुना आणि वाळू लोण्यासारखी एकजीव होईतो रगडली जातात. जिथे पाण्याशी गाठ आहे तिथे त्यात भाजलेल्या विटेची पूड, म्हणजे सुरखी, घालायची. नुसता चुना हवेतच घट्ट होतो. सुरखी मिसळलेला चुना ओलाव्यातही धरतो आणि वर्षं जातील तसा आणखी कडक होतो. चारशे वर्षांपूर्वीच्या दगडी सांध्यांवर आज नख मारून पाहिलं तर नख तुटतं, सांधा नाही. उलट मधल्या काळात कुणी सिमेंटचं ठिगळ लावलं असेल, तर पहिली भेग त्या ठिगळाच्या कडेनेच जाते. सिमेंट ओल अडवतं. अडलेली ओल दगड फोडून वाट काढते.

ही कल्पना लखुजीराव जाधवांच्या दरबाराला कुठून सुचली असेल, याचा माग फार लांब शोधायला नको. लखुजीराव निजामशाहीचे मातब्बर सरदार. निजामशाहीची राजधानी अहमदनगर, आजचं अहिल्यानगर. तिथे मुर्तजा निजामशहाच्या काळात फराह बाग हा अष्टकोनी, दुमजली महाल १५८३ मध्ये पुरा झाला, तोही तलावाच्या मध्यभागी. शहराबाहेरून खापरी नळांनी आणलेलं पाणी त्याच्याभोवती खेळवलेलं होतं. अहमदनगरच्या हश्त बिहिश्त बागेतही असाच पाण्यातला महाल होता. तिकडे आदिलशाहीत, विजापूरजवळच्या कुमटगीला, तळ्यातल्या दुमजली मंडपांच्या भिंतींवर कुस्ती आणि चौगानचे, म्हणजे पोलोचे, रंगीत प्रसंग काढले होते आणि छतातून पाण्याचे तुषार सोडायची सोय केली होती. चित्रं, वास्तू आणि पाणी यांच्या सोबतीत चार दिवस घालवायचे, ही हौस आजच्या पर्यटनाने शोधलेली नाही. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या दख्खनला ती चांगली ठाऊक होती. सिंदखेडचा जलमहाल त्या पंगतीतला. सुलतानाचा नव्हे, सरदाराचा, म्हणून आकाराने लहान. पण बसलेला त्याच ओळीत.

आता खरी गोष्ट. जलमहाल हा महालापुरता कधीच नसतो. फराह बागेच्या पाठीशी खापरी नळांची योजना होती. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या संभाजीनगरात, मलिक अंबरने नहर आणली, तीही याच पिढीत. सिंदखेडलाही एकटं चांदणी तळं नाही. मोती तलाव आहे. त्याची बांधीव बाजू पाहिली तर क्षणभर किल्ल्याची भिंतच वाटते. धरणाची भिंत म्हणजे मातीचा ढीग, ही आपल्या डोळ्यांना लागलेली सवय तिथे मोडते. भिंतींवर मूर्ती असलेली, पायऱ्यापायऱ्यांनी खाली उतरणारी पुतळा बारव आहे. सजना बारव आहे. गावाला जमिनीखालच्या वाटेने पाणी देण्याचं काम तिच्याकडे होतं. तळ्याने पाऊस धरायचा, तो जमिनीत मुरवायचा, बारवेने तो खालून उचलायचा, नळाने वस्तीत न्यायचा. या सगळ्या हिशेबात जे शिल्लक उरलं, त्याच्या मधोमध बसायला राजाने एक ओटा बांधला. पाहुण्याला तिथे नेऊन बसवणं म्हणजे न बोलता सांगणं होतं: माझ्या मुलखात पाणी आहे, आणि ते उधळता येईल इतकं आहे. कोरड्या प्रदेशात याहून मोठी श्रीमंती कोणती दाखवणार?

ही श्रीमंती फार काळ टिकली नाही. लखुजीराव मध्यंतरी मोगलांकडे गेले, पुन्हा निजामशाहीत आले आणि २५ जुलै १६२९ ला दौलताबादच्या किल्ल्यात दरबाराला बोलावून त्यांची मुलानातवासह हत्या झाली. पुढे १७५७ मध्ये सिंदखेडच्या परिसरात मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. राजकारणाचं केंद्र सरकलं, आणि तळ्यांकडे पाहणारी नजरही सरकली. वाडा ओस पडला तरी शंभर वर्षं उभा राहू शकतो. तळ्याला ही सवलत नाही. वरच्या शिवारातली माती दर पावसाळ्यात थोडी थोडी उतरते, गाळ साचतो, पाणी कमी मावतं, लवकर आटतं. मग मधली इमारत उन्हात तापत उभी राहते आणि तिथे शेळ्या सहज पायी पोहोचतात.

चित्रं, वास्तू आणि पाणी यांच्या या हौशीची जगभर हॉटेलं झाली आहेत. उदयपूरच्या पिछोला तळ्यातला जगनिवास महाल महाराणा जगतसिंह दुसरे यांनी १७४६ मध्ये पुरा केला आणि १९६३ पासून तिथे हॉटेल चालतं. पाहुण्याला नावेतून नेतात, त्या नावेच्या प्रवासाचेच अर्धे पैसे असतात. पण दुष्काळात पिछोला तळं आटलं तेव्हा नावेचा थाट संपला आणि लोक कोरड्या पात्रातून ये-जा करू लागले. खोल्या त्याच, झुंबरं तीच, फक्त बेट गेलं होतं.

जपानच्या सेटो समुद्रातलं नाओशिमा हे दुसरं उदाहरण. १९१७ पासून तिथे तांबं गाळण्याचा कारखाना आहे. तरुण माणसं बाहेर गेली, घरं बंद पडू लागली. १९९२ मध्ये वास्तुकार तादाओ आंदो यांनी तिथे बेनेसे हाउस उभारलं. ते संग्रहालयही आहे आणि मुक्कामाची जागाही, चित्रांच्या शेजारी रात्र काढता येते. पण नाओशिमा नावारूपाला आलं ते हॉटेलच्या एकट्याच्या जिवावर नाही. १९९८ मध्ये गावातल्या एका पडक्या जुन्या घरात तात्सुओ मियाजिमा या कलावंताने पाण्याचा उथळ हौद केला आणि त्यात आकडे मोजणारे दिवे सोडले. प्रत्येक दिवा किती वेगाने मोजणार, हे गावातल्या १२५ माणसांनी ठरवलं, पाच वर्षांच्या पोरापासून पंच्याण्णव वर्षांच्या म्हाताऱ्यापर्यंत. पाहुणा तिथे दुसऱ्यांच्या घरात, दुसऱ्यांच्या वेळात येऊन बसतो. गावाचा हात लागलेला असल्यामुळे ते गावाचंच राहिलं.

सिंदखेडराजाला विकासाच्या आराखड्यांची कमतरता नाही. जमिनीच्या पोटातही अजून बरंच आहे. जून २०२४ मध्ये लखुजीराजांच्या समाधीजवळ पुरातत्त्व खात्याचं काम सुरू असताना सुमारे पावणेदोन मीटर लांबीची शेषशायी विष्णूची सुबक मूर्ती निघाली. अशा गावात मुक्कामाची चांगली सोय झाली तर कुणाला नको आहे? लोणारचं विवर, दैत्यसूदनाचं मंदिर, सिंदखेडची समाधी आणि बारवा मिळून दोन-तीन दिवसांचा ऐवज सहज होतो. आज मात्र पाहुणा संध्याकाळच्या आत जालना किंवा संभाजीनगर गाठतो आणि आपले पैसे तिथे खर्च करतो.

म्हणून मोह होईल तो असा: चांदणी तळ्यातल्या इमारतीला रंग द्यावा, दिव्यांच्या माळा सोडाव्यात, काठावर रिसॉर्ट बांधावं, नावा आणाव्यात. हे करायला दोन वर्षंही लागणार नाहीत. आणि पहिल्याच कमी पावसाच्या वर्षी नावा चिखलात रुततील. जाधवांचा क्रम उलटा होता. त्यांनी पाणी आधी धरलं, महाल नंतर बांधला. आजही काम त्याच क्रमाने करावं लागेल. पाणलोटात बांधबंदिस्ती, मग गाळ, मग पाळ आणि सांडवा, मग बारवांची सफाई, आणि इमारतीची डागडुजी चुन्या-सुरखीतच. २०१७ पासून राज्यात गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आहे. संरक्षित वास्तूजवळ खोदायचं तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आणि नजर हवी. पण तळ्याचा गाळ शेतकऱ्याच्या रानात गेला, तर तळंही खोल होईल आणि रानही सुपीक. मुक्कामासाठी नवं काँक्रीट ओतण्याची तर गरजच नाही. गावातल्या जुन्या माळवदी घरांतल्या दोन-दोन खोल्या नीट केल्या, ज्वारीची भाकरी आणि ठेचा घरच्याच हाताचा दिला, तर पाहुण्याचे पैसे थेट त्या उंबरठ्याच्या आत जातील.

त्या इमारतीत मात्र कुणी रात्री झोपू नये. ती चार घटका बसायची जागा म्हणून बांधली गेली, तेवढीच राहावी. तिथवर जायला नाव लागते की चपला, यावरून गावाला दरवर्षी आपल्या पाण्याचा हिशेब कळेल. एवढं काम तिने केलं तरी चारशे वर्षांपूर्वीच्या गवंड्यांची मजुरी वसूल झाली म्हणायची.