गोळी ठेवायला जागा

एचआयव्हीचं निदान झालेल्या प्रौढ माणसाला आज सरकारी एआरटी (एचआयव्हीविरोधी उपचार) सेंटरमधून मिळणारं औषध बहुतेक वेळा एकाच गोळीत मावतं. टेनोफोव्हिर 300 मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन 300 आणि डोल्युटेग्रॅव्हिर 50 अशी ही तीन औषधं आहेत. सेंटरवरचे लोक या गोळीला 'टीएलडी' म्हणतात. ती दिवसातून एकदा घ्यायची, जेवून किंवा उपाशीपोटी, आणि जन्मभर घ्यायची. तिच्यासाठी पैसे पडत नाहीत. पंचवीस वर्षांपूर्वी ज्या आजाराची बातमी म्हणजे मरणाचा दाखला समजला जाई, त्या आजारावर एवढंसं उत्तर निघालं, हे अजून आपल्या घरांपर्यंत पोचलेलं नाही. म्हणूनच मुंबईच्या उपनगरांत या गोळीची खरी अडचण औषधशास्त्रात राहिलेली नाही, ती घराच्या क्षेत्रफळात आहे, असं माझं म्हणणं आहे. गोळी गिळायला एक घोट पाणी पुरतं. पण ती महिनोन्महिने कुणाला न दिसता ठेवायला जागा लागते, आणि अंधेरी, घाटकोपरच्या वन रूम किचनमध्ये नेमकी तीच नसते.

आधी 'रोज' का, ते पाहू. एचआयव्ही रक्तातल्या, रोगाशी लढणाऱ्या सीडी-फोर पेशींत शिरतो आणि स्वतःची जनुकं त्या पेशीच्या डीएनएमध्ये कायमची गोवून टाकतो. उपचार नसताना शरीरात दिवसाला अब्जावधी नवे विषाणू तयार होतात. ही नक्कल करणारं विषाणूचं विकर भलत्याच चुका करत असल्याने प्रत्येक पिढीत थोडे वेगळे विषाणू निपजतात. त्यांतला एखादा एका औषधाला दाद न देणारा निघणारच. लॅमिव्ह्युडिन निकामी करायला विषाणूला एकच बदल पुरतो. तीन औषधं एकदम रक्तात असली की तिघांनाही एकाच वेळी चुकवणारा विषाणू जन्माला येणं जवळजवळ अशक्य होतं, आणि नवी उत्पत्ती थांबते. पण ज्या पेशी गोवलेली जनुकं पोटात घेऊन नुसत्या निजून आहेत, त्यांना कुठलंच औषध शोधू शकत नाही. हा साठा इतक्या सावकाश आटतो की तो आपोआप संपायला साठ-सत्तर वर्षं लागतील, असा शास्त्रज्ञांचा हिशेब आहे. औषध थांबलं की यातल्या काही पेशी जाग्या होतात आणि बहुतेकांच्या रक्तात दोन ते चार आठवड्यांत विषाणू पुन्हा दिसू लागतो. रिपोर्टमध्ये 'व्हायरल लोड आढळला नाही' असं आलं, तरी आजार गेला असा त्याचा अर्थ होत नाही. गोळी आपलं काम करते आहे, एवढंच तो रिपोर्ट सांगतो.

इथे पहिली शंका येते ती अशी: मला काहीच होत नाही, ताप नाही, वजन उतरलं नाही, मग धडधाकट माणसाने रोज औषध का घ्यावं? शंका रास्त आहे. एकेकाळी डॉक्टरांनाही ती होती, आणि सीडी-फोर पेशी ठरावीक आकड्याखाली घसरेपर्यंत गोळ्या सुरूच करत नसत. मधूनमधून औषधाला सुट्टी द्यावी, म्हणजे शरीराला आराम मिळेल, असाही एक विचार होता. तो विचार 'स्मार्ट' नावाच्या मोठ्या चाचणीत तपासला गेला. तिच्यात 5,472 जण होते. सुट्टी घेणाऱ्या गटात गंभीर आजार आणि मृत्यू यांचं प्रमाण अडीच पटीहून जास्त दिसू लागलं आणि 2006 साली चाचणी मुदतीआधीच आवरती घ्यावी लागली. पुढे 2015 मध्ये 'स्टार्ट' चाचणीने दाखवलं की पेशी भरपूर असतानाच औषध सुरू केलं तर गंभीर दुखणी आणि मृत्यू निम्म्याहून अधिक कमी होतात. त्यानंतर भारतानेही 2017 मध्ये धोरण बदललं. आता चाचणी पॉझिटिव्ह आली की आकड्याची वाट न पाहता उपचार सुरू होतात. बरं वाटत असताना घ्यायचं औषध ही कल्पना आपल्याकडे ब्लडप्रेशरच्या गोळीमुळे रुळली आहे. तिथेही माणसं 'आता नॉर्मल आलंय' म्हणून गोळी सोडतात, हेही खरंच.

दुसरी शंका उलट बाजूची, भीतीची. एक दिवस गोळी राहिली तर सगळं फुकट जाईल का? जुन्या औषधांच्या काळात 95 टक्के गोळ्या वेळेवर गेल्याच पाहिजेत, असं सांगितलं जाई, आणि तो आकडा अजून लोकांच्या मनात धाक बनून बसला आहे. डोल्युटेग्रॅव्हिर बरंच सोशिक औषध आहे. त्याला चकवायला विषाणूला पुष्कळ खटपट करावी लागते. लोकल रखडली आणि नऊची गोळी साडेअकराला घेतली, तर बिघडत नाही. एखाद दिवस राहून गेलीच, तर आठवेल तेव्हा घ्यायची. मात्र पुढच्या गोळीची वेळ आलीच असेल तर दोन एकदम घ्यायच्या नाहीत. खोट वेगळीकडे असते. अॅसिडिटीची काही औषधं, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या यांच्यासोबत घेतलं तर डोल्युटेग्रॅव्हिर नीट शोषलं जात नाही, त्यामुळे वेळांमध्ये अंतर ठेवावं लागतं. क्षयाच्या उपचारातलं रिफॅम्पिसिन तर त्याचं रक्तातलं प्रमाण इतकं उतरवतं की डोल्युटेग्रॅव्हिरचा बारा तासांनी आणखी एक डोस द्यावा लागतो. मुंबईत क्षय किती आहे हे सांगायला नको. त्यामुळे ही बाब इथे पुस्तकी नाही, आणि क्षयाच्या डॉक्टरपासून एआरटीची गोळी लपवणं म्हणजे दोन्ही उपचारांवर पाणी सोडणं. मधुमेहींच्या मेटफॉर्मिनच्या मात्रेवरही मर्यादा येते. अंगात हिपॅटायटिस-बी असेल तर याच गोळीतली दोन औषधं त्यालाही आवरून धरत असतात. ती अचानक सोडली तर यकृताचा आजार उसळतो.

'या गोळ्या गरम पडतात, माणूस वाळतो' ही तक्रार आली कुठून, हेही पाहायला हवं, कारण ती खोटी नव्हती. भारतात 1 एप्रिल 2004 रोजी मोफत एआरटी सुरू झाली तेव्हा भायखळ्याचं जे. जे. रुग्णालय पहिल्या केंद्रांपैकी एक होतं. त्या वेळच्या मिश्रणात स्टॅव्ह्युडिन असे. त्याने पायांत मुंग्या येत, जळजळ होई, गाल बसत आणि माणूस ओळखू येणार नाही इतका बदले. तरीही तेच औषध त्या पिढीला तारून गेलं, कारण ते परवडणारं होतं. फेब्रुवारी 2001 मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीच्या युसुफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षाचा उपचार 350 डॉलरमध्ये द्यायची तयारी दाखवली. त्या वेळी पाश्चात्त्य कंपन्यांचा भाव दहा हजार डॉलरच्या पुढे होता. औषधाच्या रेणूवर नव्हे, फक्त कृतीवर पेटंट देणारा 1970 चा भारतीय कायदा नसता तर हे घडलं नसतं. आफ्रिकेतल्या कितीतरी माणसांचा जीव या शहरातल्या कारखानदारीने वाचवला, हे आपल्या अभिमानाच्या याद्यांत सहसा नसतं. स्टॅव्ह्युडिन आता गेलं. टीएलडीने काहींची झोप उडते, काहींचं वजन वाढतं, मूत्रपिंडावर लक्ष ठेवावं लागतं. पण बसलेले गाल हा जुन्या औषधाचा ठसा आहे, नव्या गोळीचा नाही.

इतकं सगळं सोपं झाल्यावरही गोळी का चुकते, याचं उत्तर विसरभोळेपणात शोधणं मला पटत नाही. तीस गोळ्यांची प्लास्टिकची बाटली हलवली की खुळखुळते, म्हणून लोक तिच्यात कापूस कोंबतात. लेबल खरवडतात. गोळ्या दुसऱ्या डबीत काढतात. खरं तर डोल्युटेग्रॅव्हिर मूळ बाटलीतच, ओल शोषणाऱ्या पुडीसकट ठेवायला हवं, आणि मुंबईच्या पावसाळ्यात तर नक्कीच. सेंटरची ग्रीन बुक, म्हणजे उपचाराच्या नोंदींची वही, वेगळी लपवायची. सासू, दीर, मुलं असा सगळा गोतावळा एका खोलीत असताना रात्री नऊला पाण्याचा ग्लास हातात घेणं हीसुद्धा उघड कृती असते. गावाकडे लग्नाला चार दिवस जायचं तर बाटली कुणाच्या बॅगेत जाणार? सेंटर निवडतानाही हाच हिशेब चालतो. घाटकोपरला राजावाडी आहे, अंधेरीत लार्सन अँड टुब्रोच्या आरोग्य केंद्रात सेंटर आहे. तरी जवळचं टाळून ओळखीचं कुणी भेटणार नाही अशा दूरच्या ठिकाणी जाण्याकडे कल असतो, आणि त्यात अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते. सेंटरवर गोळ्या मोजतात आणि चार जास्त निघाल्या तर 'का चुकल्या' म्हणून विचारतात. त्या चार दिवसांत घरी पाहुणे होते, हे उत्तर कागदावर बसत नाही.

यावर कुणी म्हणेल, मग लपवतात कशाला? घरच्यांना सांगून टाकावं, कायदा पाठीशी आहे. कायदा आहे, आणि त्याचं मूळ याच शहरात आहे. 1997 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात नाव न सांगता 'एमएक्स' म्हणून उभ्या राहिलेल्या एका हंगामी कामगाराने दाद मागितली होती. सार्वजनिक क्षेत्रातल्या कंपनीने केवळ एचआयव्हीमुळे त्याचं काम काढून घेतलं होतं. काम करायला तो समर्थ आहे आणि इतरांना त्याच्यापासून खरा धोका नाही, तर त्याला नाकारता येणार नाही, असं न्यायालयाने ठरवलं. पुढे 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा झाला आणि 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. नोकरी, शाळा, दवाखाना, भाड्याचं घर इथल्या भेदभावाला त्याने मनाई केली, माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलं. पण निकाल मिळवण्यासाठी त्या माणसाला आपलं नाव झाकावं लागलं होतं, हे विसरू नये. कायदा मालकाला आवरतो. जेवायला वेगळं ताट काढणाऱ्या वहिनीला तो आवरत नाही. सांगावं की नाही हा निर्णय ज्याच्या डोक्यावर छप्पर दुसऱ्याच्या मर्जीने आहे, त्याच्यावर बाहेरून लादण्यात मला शहाणपण दिसत नाही. नवऱ्याकडूनच लागण झालेल्या आणि तरी घराबाहेर काढल्या गेलेल्या बाईवर तर नाहीच.

वेगळ्या ताटाला उत्तर आहे ते विज्ञानाकडे. एकत्र जेवण्याने एचआयव्ही कधीच पसरत नव्हता. आता त्याच्या पुढची गोष्ट सिद्ध झाली आहे. 'एचपीटीएन 052' या चाचणीत, जिच्या केंद्रांत पुणेही होतं, 1,763 जोडपी होती. बाधित जोडीदाराला लवकर उपचार दिल्यावर दुसऱ्याला होणारा संसर्ग 96 टक्क्यांनी घटल्याचं 2011 मध्ये दिसलं. त्यानंतरच्या युरोपातल्या 'पार्टनर' अभ्यासांत व्हायरल लोड दबलेल्या जोडीदाराकडून कंडोमशिवायच्या हजारो संबंधांतही एकदासुद्धा संसर्ग झाला नाही. हे उघड बोललं तर लोक बेफिकीर होतील, असा आक्षेप काही डॉक्टरही घेतात. कंडोमची गरज इतर गुप्तरोगांसाठी आणि नको असलेल्या गर्भधारणेसाठी उरतेच, ते सांगावंच. पण जोडीदार सुरक्षित राहतो तो रोजच्या गोळीमुळे, ही माहिती गोळी चालू ठेवायला धाकापेक्षा भक्कम कारण देते. ती दडवून आपण कुणाचं रक्षण करतो?

आणि शिस्तीचा उपदेश फक्त रुग्णाला करणंही एकतर्फी आहे. जुलै 2022 मध्ये काही औषधांचा तुटवडा झाला तेव्हा दिल्लीत राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेच्या कार्यालयात एचआयव्हीसह जगणारी माणसं चाळीसहून अधिक दिवस ठाण मांडून बसली होती. गोळी चुकली की हिशेब मागणाऱ्या यंत्रणेकडे तेव्हा हिशेब मागणारी तीच माणसं होती.

स्थिर रुग्णांना एकदम तीन महिन्यांची औषधं देण्याची पद्धत आता रुळते आहे आणि ती चांगली आहे. फेऱ्या वाचतात, खाडा होत नाही. फक्त त्यामुळे घरात एकाऐवजी तीन बाटल्या येतात. म्हणून नव्या रुग्णाशी बोलताना काउन्सेलरने 'किती वाजता घ्याल' याच्याआधी 'कुठे ठेवाल' हे विचारायला हवं. कामाच्या ठिकाणचा लॉकर, विश्वासातली एक मैत्रीण, रात्रीऐवजी कामावरची दुपारची वेळ, काहीही चालेल. गोळीला वेळेचा हट्ट फारसा नाही. नुकतंच निदान झालेल्यांनी 1097 या मोफत हेल्पलाइनवर आपलं नाव न सांगताही विचारपूस करावी, आणि पत्ता बदलला किंवा जवळचं सेंटर सोयीचं वाटू लागलं तर तिथे बदली मागावी. बदलीची सोय आहे. बदली होईपर्यंत पुरतील इतक्या गोळ्या मात्र जुन्या सेंटरमधून घेऊन निघावं.