श्रद्धा : पुराव्यापलीकडचा संकल्प

रेव्हरंड नारायण वामन टिळकांची कविता मी वर्गात शिकवीत असे, तेव्हा एखादा विद्यार्थी हटकून विचारी, "सर, ख्रिस्त खरा आहे याचा कोणता पुरावा टिळकांना मिळाला होता?" त्या प्रश्नाला मी बहुधा बगल देई. ते राहिलेले उत्तर आज द्यावयाचे आहे.

ख्रिस्ती विचारपरंपरेत श्रद्धा म्हणजे पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष नव्हे. तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस याच्या मते श्रद्धा ही बुद्धीचीच संमती होय. मात्र ती बुद्धी इच्छाशक्तीच्या आज्ञेने देते, आणि इच्छाशक्तीला ईश्वरी कृपा प्रवृत्त करते. दोन आणि दोन चार हे मानावेच लागते. तेथे निवडीला जागा नाही, म्हणून श्रद्धेलाही नाही.

यावर कठोर आक्षेप घेतला तो इंग्रज गणिती विल्यम क्लिफर्ड याने, १८७७ साली. त्याचा दृष्टान्त असा : एक जहाजमालक आपल्या जुनाट जहाजाविषयीच्या शंका मनातून घालवितो, ते सुखरूप पोहोचेल अशी स्वतःची समजूत घालतो, आणि जहाज उतारूंसह बुडते. त्याचा विश्वास प्रामाणिक असेल; पण तो बाळगण्याचा त्याला अधिकार नव्हता, असे क्लिफर्ड म्हणतो.

१८९६ साली अमेरिकन तत्त्वज्ञ विल्यम जेम्स याने या भूमिकेला उत्तर दिले. जो प्रश्न केवळ बुद्धीने सुटत नाही, टाळताही येत नाही आणि ज्यावर आयुष्याची दिशा ठरते, तेथे 'मी थांबतो' म्हणणे हाही निर्णयच असतो. अशा वेळी अंतःकरणाने निवड करण्याचा हक्क माणसाला आहे. जहाज तपासता येते, म्हणून तेथे तपासणे हेच कर्तव्य. ईश्वराचे तसे नाही, असे मी याला जोडीन.

तरीही क्लिफर्डचे उतारू मला विसरता येत नाहीत. टिळकांनी बायबलचा अभ्यास केला होता. परंतु १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो अभ्यासाच्या पलीकडचा संकल्प होता. त्याचे मोल लक्ष्मीबाईंनाही काही वर्षांच्या ताटातुटीने द्यावे लागले. पुढे त्याही ख्रिस्ती झाल्या, पण स्वतःच्या मनाचा कौल मिळाल्यावर. 'स्मृतिचित्रे' त्याची साक्ष देतात.

तेव्हा त्या विद्यार्थ्याला मी आज सांगेन : बाळ, निर्णायक पुरावा नव्हता, निवड होती. आणि निवड करणाऱ्याने तिच्या परिणामांचे उत्तरदायित्वही स्वीकारावयाचे असते.