पाण्याचा कारभार (भाग ६) : पाच वर्षांचा हिशेब, सातशे वर्षांची जलवाहिनी

गेल्या आठवड्यात आपण १८५८ च्या उन्हाळ्यातली लंडनची दुर्गंधी आणि त्यानंतर बॅझलजेटने बांधलेली गटारं पाहिली. आज थेट १९८९ वर येऊ. त्या वर्षी थॅचर सरकारने इंग्लंड-वेल्समधली दहा प्रादेशिक जलप्राधिकरणं शेअर बाजारात विकली. त्यांचं सुमारे पाच अब्ज पौंडांचं कर्ज आधीच माफ करून टाकलं होतं. नव्या कंपन्यांची पाटी कोरी.

टेलिफोन दुसऱ्या कंपनीचा घेता येतो, नळ घेता येत नाही. एकाच रस्त्याखाली दोन कंपन्यांची गटारं कोण टाकणार? मक्तेदारी अटळ होती, म्हणून तिच्यावर पहारेकरी बसवला. त्याचं नाव ऑफवॉट. पिण्याच्या पाण्याची शुद्धता आणि नद्यांचं प्रदूषण यांच्यावर लक्ष ठेवायला वेगळ्या संस्था होत्या. ऑफवॉटकडे पैशाचं काम.

काम असं चालतं. दर पाच वर्षांनी कंपन्या खर्चाचे आराखडे देतात, नियामक ते चाळून-कापून बिलाची कमाल मर्यादा ठरवतो. सुरुवातीचं सूत्र होतं महागाईचा दर अधिक 'के', म्हणजे नियामकाने ठरवलेली जादा वाढ किंवा घट. मंजूर खर्चापेक्षा कमीत काम झालं, तर उरलेल्या पैशातला वाटा कंपनीला. कल्पना खरोखर हुशारीची होती. पण वाचलेला पौंड काटकसरीचा की पुढे ढकललेल्या दुरुस्तीचा, हे ताळेबंद सांगत नाही. बिल दर वर्षी घरी येतं, त्यावरून आरडाओरडा होतो, वर्तमानपत्रं लिहितात. जमिनीखाली गंजणाऱ्या वाहिनीला मत नसतं. २००० साली ऑफवॉटने बिलं सरासरी १२ टक्क्यांनी उतरवली आणि लोक खूश झाले. २०२५ मध्ये तिथल्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने हिशेब मांडला: सध्याच्या वेगाने सगळ्या जलवाहिन्या बदलायला ७०० वर्षं लागतील. ज्ञानेश्वरी सांगितली गेली तेव्हा काम सुरू केलं असतं, तर आत्ता कुठे आवरत आलं असतं!

गटारांची गोष्ट याहून वाईट. जुन्या शहरांत मैला आणि पावसाचं पाणी एकाच नळातून वाहतं. मुसळधार पावसात नळ तुंबला की ते घराघरांत उलटं येऊ नये म्हणून नदीकडे तोंडं ठेवलेली असतात. ही सोय आणीबाणीची. इंग्लंडमधल्या सगळ्या तोंडांवर मोजणी यंत्रं बसली ती २०२३ अखेरीस, आणि २०२४ चा आकडा आला: साडेचार लाख वेळा, मिळून ३६ लाख तास. इतकी वर्षं हे कुणी पुरतं मोजतच नव्हतं, तर नियमन कशाचं करणार? शिवाय दरम्यान काही कंपन्यांनी कोऱ्या पाटीवर भरपूर कर्ज लिहून घेतलं आणि लाभांशही वाटले. एकट्या थेम्स वॉटरचं कर्ज १५ अब्ज पौंडांच्या पुढे गेलं. खासगी की सरकारी, या वादापेक्षा मला ही न मोजण्याची सवय जास्त घातक वाटते.

थकलेलं काम आता एकदम अंगावर आलं आहे. २०२५ ते २०३० साठी ऑफवॉटने १०४ अब्ज पौंडांचा खर्च मंजूर केला. त्यापायी सरासरी बिल महागाई सोडून ३६ टक्क्यांनी चढणार. जुलै २०२५ मध्ये सर जॉन कनलिफ यांच्या आयोगाने ऑफवॉट गुंडाळून पैसा, शुद्धता आणि नदी एकाच नियामकाकडे द्यायला सांगितलं, आणि किमान २५ वर्षांपुढचं राष्ट्रीय धोरणही मागितलं. सरकारने ऑफवॉट बंद करणं मान्य केलं.

आपल्याकडे २००५ च्या कायद्याने महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं, देशातलं या प्रकारचं पहिलं. ते शेती, उद्योग, शहरं यांना मिळणाऱ्या पाण्याचे ठोक दर ठरवतं. तुमच्या-माझ्या नळाची पाणीपट्टी ठरते महापालिकेत, आणि ती वाढवण्याचा प्रस्ताव निवडणुकीच्या आसपास कुठल्या कपाटात जातो हे सांगायला नको. शहरातून बाहेर पडणाऱ्या सांडपाण्याचं काय होतं, ते प्रदूषण नियंत्रण मंडळ पाहतं. तीन दारं, तीन किल्ल्या.

पुढच्या आठवड्यात स्कॉटलंड. तिथली पाणीकंपनी सरकारचीच आहे, तरी तिच्या बिलावर स्वतंत्र आयोग बसवला आहे.