उतारशाळेतील दोन दीनार

पनवेल हे रस्त्यांचे गाव आहे. मुंबईहून पुण्यास जाणारा जुना रस्ता येथून जातो, गोव्याकडचा मार्ग येथूनच फुटतो, आणि २००२ साली पूर्ण झालेल्या द्रुतगती मार्गाचे मुंबईकडील टोकही जवळच, कळंबोलीस आहे. जेथे रस्ते एकत्र येतात तेथे व्यापार येतो. आणि कोणाचाच नसलेला, रस्त्याच्या कडेला पडलेला माणूसही तेथेच येतो. म्हणून ख्रिस्ती धर्मातील दयेचा विचार येथे बसून करणे आम्हांस उचित वाटते, कारण त्या विचाराचे सार येशूने एका रस्त्यावरच्या गोष्टीतच सांगितले आहे.

ती गोष्ट लूकच्या शुभवर्तमानात दहाव्या अध्यायात येते. यरुशलेमहून यरीहोस जाणाऱ्या एका वाटसरूला चोर लुटतात आणि अर्धमेला करून टाकून जातात. एक याजक येतो व बाजूने निघून जातो. एक लेवी येतो, तोही तसेच करतो. थांबतो तो शोमरोनी. म्हणजे ज्यांच्याशी यहूदी लोकांचे वैर होते त्यांतील एक. माझा शेजारी कोण, असे एका शास्त्र्याने विचारले होते. येशूने तो प्रश्नच उलटवला: त्या जखमी माणसाचा शेजारी कोण झाला? शेजारी हा शोधायचा नसून व्हायचा असतो, हा त्याचा इत्यर्थ होय.

येथवरची गोष्ट सर्वांस ठाऊक असते. तिचा उत्तरार्ध मात्र आपण विसरतो. शोमरोनी जखमांवर तेल व द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो आणि रात्रभर त्याची शुश्रूषा करतो. दुसऱ्या दिवशी तो उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार देतो. एक दीनार ही त्या काळी मजुराची एका दिवसाची मजुरी होती. अधिक खर्च झाल्यास परत येताना देईन, असेही तो सांगून जातो. दया ही केवळ हृदयाची कालवाकालव नव्हे. तिला दुसरा दिवस असतो, खर्च असतो आणि परत येण्याचे वचन असते.

पूर्वार्धापुरती आपल्या कायद्याने आता सोय केली आहे. पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल या भीतीने अपघातातील जखमींना हात लावण्यास लोक कचरत. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली मदत करणाऱ्याच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली, आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर आता दायित्व येत नाही. जगभर अशा कायद्यांना त्या शोमरोन्याचेच नाव पडले आहे. परंतु उतारशाळा चालवण्याची सक्ती कोणताही कायदा करू शकत नाही.

ती कोणी तरी आपण होऊन चालवावी लागते. पनवेल तालुक्यात वांगणी येथे पाद्री के. एम. फिलिप यांनी १९९९ साली सुरू केलेला सील आश्रम हेच काम करतो. रस्त्यांवर व रेल्वे स्थानकांवर बेवारस पडलेल्यांना तेथे आणतात. आंघोळ, औषध, अन्न देतात. आणि भान येताच घरचा पत्ता शोधून शक्य तेव्हा परत पोहोचवतात. याच तालुक्यात नेऱ्याजवळ शांतिवनात कुष्ठरोग निवारण समिती गांधीविचाराने सेवा करीत आली आहे. दोहोंची श्रद्धा वेगळी, उतारशाळा एकच. गोष्टीतील दयाळू माणूसही परक्या पंथाचाच होता, हे ख्रिस्ती वाचकाने विसरू नये.

याच कसोटीवर पंडिता रमाबाईंकडे पाहता येते. स्वतःचे आईवडील दुष्काळात गमावलेल्या या विदुषीने १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य भारतातून शेकडो अनाथ मुली व विधवा आणून केडगावी ठेवल्या. त्यांना केवळ जेवू घातले नाही; अक्षरओळख, विणकाम, छपाई शिकवून पायांवर उभे केले. त्यांच्या धर्मांतरावरून आणि आश्रितांच्या धर्मांतरावरून महाराष्ट्रात मोठा वाद झाला, व तो वाद पोकळ नव्हता. निराश्रिताला दिलेल्या अन्नाची किंमत श्रद्धेच्या रूपाने घ्यावी काय? गोष्ट याचे उत्तर देते: शोमरोन्याने जखमी माणसाला त्याचा धर्म विचारला नाही, आणि शुद्धीवर आल्यावर त्याच्याकडून काही मागितलेही नाही.

तेव्हा आपल्या गावापुरता प्रश्न असा उरतो. पडलेल्याला उचलून संस्थेच्या दारी सोडणारे हात आज पूर्वीपेक्षा अधिक आहेत. पण पुढच्या आठवड्यात त्याची चौकशी करावयास जाणारे, औषधाचे बिल वाटून घेणारे, घरच्यांना शोधून समजावणारे किती? उचलणाऱ्याचे कौतुक होते. वर्षानुवर्षे अंथरुणे धुणाऱ्याला कोणी ओळखत नाही. उतारशाळेच्या त्या मालकाचे नाव गोष्टीतही नाही. दुसऱ्या दिवसापासूनचे सारे काम मात्र त्यालाच करावे लागले.