एरंडाच्या कुंपणाचे स्टेडियम : गिला रिव्हर छावणीतील बौद्ध, बंदी आणि बेसबॉल

बेसबॉल हा आपल्याकडचा खेळ नाही. त्यामुळे अमेरिकेतील बौद्धांचा इतिहास वाचताना मध्येच बेसबॉलचा उल्लेख आला की आपण तो ओलांडून पुढे जातो. पण दुसऱ्या महायुद्धात तिथल्या जपानी वंशाच्या लोकांवर, आणि त्यातही बौद्धांवर, काय गुदरले हे समजून घ्यायचे असेल तर ॲरिझोनाच्या वाळवंटातील एका मैदानाची गोष्ट माहीत असायला हवी. हे मैदान सरकारने बांधले नाही, कुठल्या कंपनीनेही नाही. कैद्यांनी बांधले. आज ते झेनिमुरा फील्ड म्हणून ओळखले जाते.

आधी पार्श्वभूमी. ७ डिसेंबर १९४१ रोजी जपानने पर्ल हार्बरवर हल्ला केला. त्यानंतर काही तासांतच एफबीआयने जपानी समाजातील पुढाऱ्यांची धरपकड सुरू केली. याद्या आधीच तयार होत्या आणि त्यांत बौद्ध भिक्खू व पुरोहितांची नावे वरच्या क्रमांकावर होती. हेरगिरीचा पुरावा लागत नव्हता, बौद्ध असणे पुरेसे होते. ख्रिश्चन झालेला जपानी माणूस त्यातल्या त्यात अमेरिकी, आणि बौद्ध राहिलेला जपानी म्हणजे मनाने अजून शत्रूच्या देशात, असा तो हिशोब होता. भीतीपोटी अनेक घरांत सूत्रग्रंथ जाळले गेले, घरातील बुद्धाचे देव्हारे लपवले गेले.

१९ फेब्रुवारी १९४२ रोजी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ९०६६ क्रमांकाच्या आदेशावर सही केली. या आदेशाच्या आधारे पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० माणसांना घरदार, शेती, दुकाने सोडून छावण्यांत जावे लागले. त्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश लोक अमेरिकेत जन्मलेले, म्हणजे कायद्याने पूर्ण नागरिक होते. त्यांच्या आईवडिलांच्या पिढीला तर नागरिक होण्याचा हक्कच नव्हता. तो १९५२ मध्ये मिळाला. आधी कायद्याने दार बंद करायचे आणि मग हे लोक परके का राहिले असे विचारायचे, ही रीत आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

गिला रिव्हर ही अशा दहा मोठ्या छावण्यांपैकी एक. जुलै १९४२ मध्ये ती उघडली. ज्या जमिनीवर ती उभी राहिली ती पिमा आणि मारिकोपा या मूलनिवासी जमातींची राखीव जमीन होती आणि त्यांच्या विरोधाला न जुमानता सरकारने ती वापरली. एका वंचित समाजाच्या जमिनीवर दुसऱ्याचा तुरुंग. बट आणि कॅनाल अशा दोन भागांत मिळून १३,००० हून अधिक माणसे तिथे राहत होती. लोकसंख्येच्या हिशोबाने ते ॲरिझोनातले चौथ्या क्रमांकाचे शहर झाले होते. उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या बराच वर जाई, धुळीची वादळे येत, आणि लाकडी बराकींच्या फटींतून सगळी माती अंथरुणावर.

या बट भागात केनिची झेनिमुरा आपल्या कुटुंबासह येऊन पडले. जन्म हिरोशिमाचा, १९०० चा, बालपण हवाईत, १९२० पासून कॅलिफोर्नियातील फ्रेस्नो शहरात. उंची जेमतेम पाच फूट. पण खेळाडू, प्रशिक्षक, व्यवस्थापक, सगळ्या भूमिकांत जपानी-अमेरिकी बेसबॉलमधले सर्वांत मोठे नाव त्यांचेच. १९२७ मध्ये फ्रेस्नोत झालेल्या प्रदर्शनीय सामन्यात बेब रूथ आणि लू गेरिग या त्या काळच्या सर्वांत गाजलेल्या खेळाडूंबरोबर ते खेळले. त्या दिवसाच्या छायाचित्रात दोन धिप्पाड गोऱ्या माणसांबरोबर हा चिमुकला माणूस ताठ उभा आहे.

बेसबॉल जपानमध्ये १८७० च्या दशकातच पोहोचला होता, त्यामुळे स्थलांतरितांना तो अमेरिकेत आल्यावर शिकावा लागला नाही. अमेरिकेतील अनेक विहारांच्या बौद्ध युवक संघटनांचे स्वतःचे बेसबॉल संघ होते. विहार, जपानी भाषेची शाळा आणि बेसबॉलचा संघ, या तिन्हींभोवती त्यांच्या वस्त्यांचे आयुष्य फिरत असे. युद्ध सुरू झाल्यावर पहिल्या दोन गोष्टी संशयास्पद ठरल्या. बेसबॉलला मात्र कोणी हात लावू शकत नव्हते, कारण तो अमेरिकेचाच राष्ट्रीय खेळ.

मैदान बांधायची सुरुवात फावड्याने झाली. झेनिमुरा आणि त्यांचे दोन किशोरवयीन मुलगे, केन्सो आणि केन्शी, २८ क्रमांकाच्या ब्लॉकजवळची खुरटी काटेरी झुडपे उपटून जाळू लागले. बघता बघता शेजारपाजारचे लोक हाताला हात लावायला आले. दगडगोटे वेचले, माती चाळली. कपडे धुण्याच्या खोलीपासून चर खणून नळ टाकला आणि पाणी थेट मैदानाच्या मध्यापर्यंत आणले. तेच पाणी सोडून जमीन बसवली आणि त्याच पाण्यावर गवत वाढवले. कुंपणाचे खांब एक सोडून एक काढून आणि छावणीच्या लाकडाच्या साठ्यातून रात्री फळ्या उचलून प्रेक्षकांसाठी बाके व फलंदाजामागची जाळी उभी केली. याला चोरी म्हणायचे का? ज्याने घर हिरावले त्याच्या वखारीतून चार फळ्या आणल्या, याला मी तरी चोरी म्हणणार नाही. मैदानावरच्या पांढऱ्या रेघा भोजनगृहातील पिठाने आखल्या जात. आणि सीमारेषेवर लाकूड पुरेना म्हणून एरंड लावला. आपल्या बांधावर उगवणारा तोच एरंड. वाळवंटात तो भराभर वाढला आणि एकीकडे बंदिवासाचे कुंपण असताना दुसरीकडे खेळाचे हिरवे कुंपण तयार झाले.

मार्च १९४३ मध्ये मैदान खुले झाले. ही वेळ लक्षात घेण्यासारखी आहे. त्याच सुमारास सरकारने छावण्यांतील प्रौढांकडून निष्ठेची प्रश्नावली भरून घ्यायला सुरुवात केली होती. त्यातील २७ वा प्रश्न होता : अमेरिकी सैन्यात लढाल का? २८ वा : जपानच्या सम्राटाशी असलेली निष्ठा सोडून अमेरिकेशी एकनिष्ठ राहाल का? ज्या मुलाने सम्राटाशी निष्ठा कधी वाहिलीच नाही, त्याने ती सोडतो असे तरी कसे लिहावे? आणि ज्या म्हाताऱ्यांना अमेरिका नागरिकत्व देत नव्हती, त्यांनी जपानही सोडले तर ते कुठल्या देशाचे? या दोन प्रश्नांनी घरे फुटली, बाप-लेकांत अबोला आला. दोन्ही प्रश्नांना ‘नाही’ लिहिणाऱ्यांना पुढे ट्युल लेकच्या छावणीत हलवण्यात आले. आणि ‘हो’ लिहून सैन्यात गेलेल्या बौद्ध तरुणांच्या गळ्यातील ओळखपट्टीवर प्रोटेस्टंटसाठी पी, कॅथॉलिकसाठी सी आणि ज्यूंसाठी एच एवढीच अक्षरे होती. बौद्धासाठी अक्षर नव्हते.

अशा दिवसांत हजारोंची गर्दी त्या बाकांवर बसत होती. छावणीत लहानमोठ्यांचे कितीतरी संघ तयार झाले, सामन्यांत टोपी फिरवून वर्गणी गोळा होई आणि त्यातून बाहेरून साहित्य मागवले जाई. १९४४ मध्ये गिलाचा संघ थेट वायोमिंगमधील हार्ट माउंटन छावणीत जाऊन खेळून आला. त्याच वर्षी युटातील टोपाझ छावणीत अमेरिकेतील सर्वांत मोठ्या बौद्ध संस्थेने आपले नाव बदलून ‘बुद्धिस्ट चर्चेस ऑफ अमेरिका’ केले. विहाराला ‘चर्च’ म्हणावे लागले! आपण बौद्ध असूनही अमेरिकी आहोत हे दाखवण्याचे दोन मार्ग एकाच वर्षी दिसतात. एकात नाव वाकवावे लागले, दुसऱ्यात फक्त बॅट फिरवावी लागली. संस्थेला दोष देणे सोपे आहे. त्या जागी आपण असतो तर काय केले असते, हे सांगणे कठीण.

या मैदानावरचा सर्वांत गाजलेला दिवस १८ एप्रिल १९४५ चा. टूसॉन हायस्कूलचा संघ राज्याचा विजेता होता. झेनिमुरांनी त्यांना छावणीत खेळायला बोलावले आणि त्यांच्या प्रशिक्षकांनी ते स्वीकारले. युद्ध अजून चालू होते, ओकिनावात रोज अमेरिकी सैनिक मरत होते, आणि गोरी मुले बसने छावणीत आली. बेसबॉलमध्ये प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात. बरोबरी राहिली तर पुढे खेळ चालू राहतो. इथे सामना दहाव्या डावात गेला. शेवटी केन्शी झेनिमुराच्या फटक्यावर विजयी धाव आली आणि छावणीतील बट हायस्कूल ११-१० ने जिंकले. सामन्यानंतर दोन्हीकडची मुले एकत्र जेवली. परतीचा सामना टूसॉनमध्ये व्हायचा होता. त्याला परवानगी मिळाली नाही.

इथे आपल्या बाळू पालवणकरांची आठवण होते. पुण्यात ज्यांच्या गोलंदाजीवर संघ जिंकत होता, त्यांना चहा मात्र बाहेर, वेगळ्या भांड्यात मिळे. मैदानात मान आणि मैदानाबाहेर मर्यादा, हा अनुभव एका देशापुरता नाही. म्हणूनच ‘खेळाने माणसे जोडली’ अशी या छावणीची गोड गोष्ट काही पुस्तकांत सांगितली जाते, ती मला अर्धीच वाटते. त्या दिवशी टूसॉनची मुले घरी गेली. जिंकलेली मुले बराकीत परतली.

नोव्हेंबर १९४५ मध्ये छावणी बंद झाली. १९८८ मध्ये अमेरिकी सरकारने कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येक बंदिवानाला २०,००० डॉलर दिले. झेनिमुरा त्याआधीच, १९६८ मध्ये, वारले होते. केन्सो आणि केन्शी १९५३ मध्ये जपानला जाऊन हिरोशिमा कार्प या व्यावसायिक संघाकडून खेळले, म्हणजे वडिलांच्या जन्मगावी, अणुबॉम्ब पडल्यानंतर आठ वर्षांनी. मैदानाची जागा पुन्हा वाळवंट झाली आहे. ती जमीन आजही मूलनिवासींच्या गिला रिव्हर समुदायाची आहे आणि तिथे जायचे असेल तर त्यांची परवानगी घ्यावी लागते.