भंगारातल्या कारचा ट्रॅक्टर

तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी कळंबच्या गल्लीत मिरवलाय ना? यंदा त्याच्या शेजारी ट्रॅक्टर उभा करा. शोरूममधला नाही, जुन्या कारपासून केलेल्या ट्रॅक्टरचं मॉडेल!

१९४० च्या आसपास, महायुद्धाच्या टंचाईत, स्वीडनच्या शेतकऱ्यांनी जुन्या गाड्या कापून असे ट्रॅक्टर बनवले. नाव पडलं ‘एपा’. तिथल्या स्वस्त मालाच्या दुकानांचं नाव ते! अमेरिकेत जुन्या फोर्ड गाड्यांचे ‘डूडलबग’ झाले.

पण कार नांगर ओढेल कशी? खरी गंमत इथेच आहे. अनेकांनी एका गिअरबॉक्सच्या मागे दुसरा बसवला. दोन्ही ३:१ चे धरा. इंजिनच्या नऊ फेऱ्यांना पुढे एकच फेरी. वेग नवव्या हिश्शावर, जोर जवळपास नऊपट (थोडा घर्षणात जातो).

मॉडेल १:१० चं करा, म्हणजे साडेतीन मीटरची गाडी ३५ सेंटिमीटरची. बॉडी पुठ्ठ्याची चालेल, गिअर मात्र खरे हवेत. बिघडलेल्या खेळण्यांतून काढा. दहा दात्यांच्या चाकाला तीस दात्यांचं जोडा आणि मागे दगड बांधा. मोटर घुरघुरून थांबेल इतका जड! आता दुसरी जोडी लावून तोच दगड ओढून बघा. (मेकॅनिकलवाले, परीक्षेतली आकृती आठवली?) मागच्या चाकांवर वजन ठेवा हं, नाहीतर परातीतल्या काळ्या मातीत ती जागच्या जागी फिरत बसतील.